तीन बाय दोनची जखम

"फाईल टेबलावर नको. खाली ठेव. वास येतो तुझा. जखमांचा आहे की मेंढरांचा, तेवढं सांग."

बिलिंगच्या मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. दोन क्लार्क हसले. मी वाकले. फाईल फरशीवर ठेवली.

मी नर्स. धनगराची पोर, कन्नड तालुक्यातली. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात ड्रेसिंग रूमला होते. शुगरच्या पेशंटचे चिघळलेले पाय यायचे. डॉक्टर मेलेलं मांस कापून काढायचे. मी ट्रे धरायची, जखम धुवायची, पट्टीनं मोजायची. किती मोठी, किती खोल कापली, त्यावर बिल ठरायचं. ते मॅडम लिहायच्या.

त्या माझ्याच वयाच्या. घरची बागायती जमीन, शहरात बंगला. जखम कधी जवळून बघितली नव्हती. तरी डॉक्टर त्यांना 'मॅडम' म्हणायचे. मला, 'ए सिस्टर'. जळायचे मी. खरं सांगते, लई जळायचे. त्यांच्या नखांवर, त्यांच्या इंग्रजी अक्षरावर. पडेगावच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून तसंच अक्षर गिरवायचे. त्या जेवायला गेल्या की त्यांच्या फायली चाळायचे. कातडी, चरबी, स्नायू, हाड. सगळ्यांचे इंग्रजी शब्द असेच चोरून शिकले.

एक दिवस त्यांनी बोलावलं.

"बसा ना, सिस्टर."

पहिल्यांदा खुर्ची. पहिल्यांदा 'बसा'. चहा पण मागवला. मी बसले. बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

"इथं सही करा. नर्सची लागते."

फाईल करमाडच्या एका म्हाताऱ्या बाबांची. पोरगा कंपनीत, त्याच्या विम्यावर इलाज. सकाळीच मी बाबांची जखम मोजून माझ्या वहीत टिपलेली. तीन बाय दोन सेंटीमीटर. डॉक्टरांनी वरची मेलेली कातडी तेवढी काढली होती. कागदावर होतं, दहा बाय आठ, स्नायूपर्यंत कापलं.

"मॅडम, हे चुकलंय."

"चुकलेलं नाही. डॉक्टरांना माहितीये. सही कर. पुढच्या महिन्यात तुला रेकॉर्ड लिहायच्या कामाला घेते. माझ्या शेजारी बसशील."

शेजारी. तेच तर हवं होतं मला. मी पेन उचललं.

मग वाटलं, उद्या दुसरा डॉक्टर हेच वाचणार. पाय आतून सडलाय म्हणणार. कापा म्हणणार. सकाळी बाबांनी विचारलेलं, "पोरी, चालता येईल ना गं?" मी म्हणाले होते, "व्हय बाबा."

सहीच्या जागेवर मी इंग्रजीत लिहिलं. तीन बाय दोन. फक्त कातडी. खाली नाव.

मॅडमचा चेहरा पडला. "तुला वाचता येतं हे?"

"येतं."

"मेंढरांमागं फिरणारी माणसं तुम्ही. लायकी दाखवलीस."

"माझा बाप मेंढराची जखम पण खोटी सांगत नाय."

संध्याकाळी कामावरून काढलं. निघताना बाबांच्या पोराला फाटकापाशी गाठलं. सगळं सांगितलं, वहीतलं माप दाखवलं. त्यानं मोबाईलवर फोटो काढला. माझ्या सहीचा कागद मॅडमनी मागाहून फाईलमधून बदलला का, मला माहीत नाय.

आता दुसऱ्या दवाखान्यात आहे. जळणं गेलेलं नाय. एसीत बसून लिहिणारी बाई दिसली की आधी तिची नखं बघते. असू दे. रेकॉर्डच्या कोर्सचा फॉर्म भरलाय. जखम मी धुते, मी मोजते. तिचा कागदही मीच लिहिणार. आणि जे माझ्या डोळ्यांनी बघितलं नाय, त्याच्याखाली माझं नाव पडणार नाय.