मागचा सीटबेल्ट बोल्टसकट हातात आला

मंडळी, आत्ताच गॅरेजमधून घरी आलेय.

बाबांनी नव्वदच्या दशकात घेतलेली गाडी आम्ही अजून वापरतो. आज मागचे विरलेले सीटबेल्ट बदलायला नल्लकुंट्यातल्या मेकॅनिककडे, सलीमभाईंकडे नेली. त्यांनी सीट काढून पट्टा जरासा ओढला, तर तो बोल्टसकट हातात आला! खालचा पत्रा गंजून भुगा झाला होता.

"पीछे कौन बैठते, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मुली." मी म्हणाले. कालच त्यांना बेल्ट लावून हायवेने आणलं होतं.

सोबत आलेले बाबा स्टुलावर बसले. "बेल्ट लावा, मग काळजी नाही, असं मीच म्हणायचो गं."

पत्रा वेल्ड होईपर्यंत गाडी तिथेच. आम्ही ऑटोने परतलो.

तुम्ही तुमचा मागचा बेल्ट कधी जोरात ओढून पाहिलाय?