हातानं फाडलेलं पुस्तक

पुस्तक हातात आलं की जिल्दवाले चाचा ते उघडत नसत. शिलाईची बाजू तळहातावर टेकवून ते पुस्तक उभं धरत आणि बोटं सोडून देत. मग पुस्तक आपलं आपणच कुठंतरी उघडायचं. ते पान चाचा आधी चष्म्यावरून बघत, मग चष्म्यातून बघत आणि म्हणत, "हां. इथं थांबली होती पोरं." संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या पुस्तकबांधणीच्या चिंचोळ्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे सगळं निव्वळ नाटक वाटलं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, आणि मराठीच्या बाईंना पुस्तकातलं आपल्यालाच जास्त कळतं असं वाटत असतं.

शाळेचं वाचनालय तेव्हा नुकतंच माझ्या गळ्यात पडलं होतं. मे महिन्यात फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा बांधणीला द्यायचा, ही त्यातली एक कामगिरी. शिपाई रजेवर होता म्हणून मीच स्कूटीवर गठ्ठा घालून गेले. चाचांनी वरचंच पुस्तक उचललं, सोडलं आणि मला म्हणाले, "इथं दोघी मैत्रिणी भांडतात. व्हय ना?" मी वाकून पान पाहिलं. खरोखर भांडत होत्या.

"तुम्ही वाचलंय हे?"

"दोनदा बांधलंय. वाचल्याबिगर कसं बांधनार? कायकू फाटलं ते कळाय नको?"

चाचा वाचत ते फक्त बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. दुकानात वकिलांच्या जाडजूड फायली यायच्या, कुणाच्या आजोबांचे ग्रंथ यायचे. ते सगळं चाचा नीट बांधून द्यायचे, पण वाचायचे नाहीत. "मोठ्यांची पुस्तकं न फाटताच जुनी होतात, बेटा," ते म्हणायचे. "कपाटात उभं राहून राहून थकतात बिचारी." आठवीत असताना त्यांची शाळा सुटली आणि वडिलांच्या जागी ते दुकानात बसले. शाळा उर्दूची. मराठी वाचायला ते या दुकानातच, फाटक्या पुस्तकांवर शिकले. त्यामुळे मराठीतले काही शब्द आपल्याला येत नाहीत, कारण ती पानं गहाळ होती, असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत. या वयाचीच पुस्तकं का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी थट्टा केली नाही. "आठवीतनं उठलो तो उठलो. पुढं काय होतंय ते बघायचं राहून गेलं," एवढंच म्हणाले आणि दोऱ्याला मेण लावू लागले.

ब्लॉगची कल्पना माझी. त्याचं श्रेय मी कुणाला देणार नाही. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की मी लॅपटॉप घेऊन दुकानात जायची, कागदाच्या कातरणांवर बूड टेकायची, आणि चाचा खळ लावता लावता बोलायचे ते टाइप करायची. नाव त्यांनीच सुचवलं, 'उसवलेलं पान'. एकेका पुस्तकावर एकेक छोटी नोंद: पुस्तकाचं नाव काय, ते कुठं उसवलं, तिथं काय घडतं, आणि तिथं एखादं पोर का थांबलं असेल. तारे नाहीत, गुण नाहीत. समीक्षेत ज्याला आपण खोलात जाणं म्हणतो तेही नाही.

सुरुवातीला मी त्यांची वाक्यं सजवायची. खोड आहे मला. एका नोंदीत मी हळूच 'कुमारांच्या भावविश्वाला हळुवार स्पर्श करणारी' असं घातलं. टाकण्याआधी वाचून दाखवायचा नियम होता. चाचा ऐकता ऐकता थांबले. ब्रश खळीच्या डब्यात ठेवला.

"हे कोन बोल्लं?"

"मी घातलं, चाचा. बरं वाटतं जरा."

"तुला बरं वाटतं ना? मंग तुझ्या ब्लॉगवर टाक."

मी वाक्य काढलं. तेव्हापासून चाचा बोलतील तसंच टाइप केलं. फार झालं तर काना-मात्रा नीट करण्याची आणि 'नाय'चं 'नाही' करण्याची तेवढी मुभा मला होती.

ब्लॉग वाचणारे मूठभर होते, पण कडवे. त्यात फर्दापूरची एक मुलगी होती. तिचे वडील लेण्यांपाशी पर्यटकांना माहितीपुस्तकं विकायचे. घरात पुस्तकांचे ढीग, आणि सगळ्या ढिगात एकच पुस्तक. तिनं एका नोंदीखाली लिहिलं, 'चाचा, हे पुस्तक आमच्याकडे कुठेच मिळत नाही.' चाचांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनी रद्दीतून त्या पुस्तकाची एक प्रत शोधून काढली, नवीन पुठ्ठा घालून बांधली आणि अजिंठ्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिली. त्याला बजावलं, "खिडकीपाशी ठेवू नको. खळ वली हाय अजून." महिन्याभरानं मुलीचा निरोप आला की पुस्तक आता वर्गभर फिरतंय. त्या दिवशी चाचांनी समोरच्या टपरीवरून मला खारी आणि मलई मारलेला चहा पाजला.

मग प्रकाशकांनाही वास लागला. एकानं नवीन कादंबरी पाठवली, सोबत पत्र, की आपण यावर चार शब्द लिहावेत. चाचांनी ती कादंबरी तळहातावर उभी केली. पुस्तक उघडलंच नाही. करकरीत होतं, तसंच ताठ उभं राहिलं. "कोरं हाय हे. लिही त्यांना, फाटल्यावर पाठवा." मी ते पत्र जमेल तितकं सभ्य शब्दांत लिहिलं. लिहिताना खूप हसले. पण हा नियम एक दिवस माझ्यावरही येऊन बसणार आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कारण मीही लिहीत होते. शिकवून उरलेल्या वेळात, चार वर्षं घासून घासून, चौदा वर्षांच्या मुलीची कादंबरी. मी मूळची लासूर स्टेशनची. तिथला बाजार, कांद्याचे ढीग, त्यावर रुसून बसलेली मुलगी, सगळं माझ्या ओळखीचं. पुस्तक छापून आलं तेव्हा पेढे घेऊन मी पहिली चाचांकडे गेले. त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं, पेढा खाल्ला, डोक्यावर हात ठेवला. मग पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "आता बघू वाट."

मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. 'उसवलेलं पान'वर माझं पुस्तक यायचं तर ते आधी मुलांच्या हातून उसवून यायला हवं होतं. आणि मला त्या ब्लॉगवर यायचं होतं. वर्तमानपत्रात दोन परीक्षणं आली, ती मी कापून ठेवली, पण मला चाचांची नोंद हवी होती. शाळेच्या वाचनालयात माझ्या कादंबरीची प्रत होती. मुलं ती न्यायची, कारण बाईंनी लिहिलेली, आणि दुसऱ्याच दिवशी आणून द्यायची. "छान आहे, बाई." मी कपाटाशी जाऊन गुपचूप ते पुस्तक तळहातावर उभं करून बघायची. ते ताठच्या ताठ उभं राहायचं. बांधणीचा पहिला मे महिना गेला. दुसरा मे आला.

त्या दुसऱ्या मे महिन्यात, शाळेला सुटी लागलेली असताना, मी वाचनालयाचं दार लोटून घेतलं आणि माझ्या कादंबरीचं नववं प्रकरण उघडलं. मला स्वतःला ते फार आवडायचं. त्यात मुलगी बापाला सगळं तोंडावर सांगते. मी दोन्ही बाजू धरल्या आणि ओढल्या. दोरा तुटला. चार पानं हातात आली. बेचाळीस वर्षांची बाई, वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला लावणारी. मी ती पानं परत आत सरकवली आणि पुस्तक गठ्ठ्याच्या मधोमध घालून, सुतळी बांधून गठ्ठा चाचांकडे पोचता केला.

पुढच्या शनिवारी मी दुकानात गेले तेव्हा चाचांच्या मांडीवर माझं पुस्तक होतं, बांधून तयार. चांगलं हिरवं कापड लावलं होतं. चाचा म्हणाले, "लिही." मी लॅपटॉप उघडला.

ते नेहमीच्याच आवाजात सांगू लागले आणि मी टाइप करू लागले. "या खेपेला एक पुस्तक हातानं फाडलेलं आलं. वाचून उसवलेलं पुस्तक मला कळतं. ज्या पानावर पोरं थांबतात, त्याच्या आधीची पानं मऊ पडलेली असतात, कारण वाचणारा तिथवर चालत येतो. या पुस्तकाची आधीची पानं कडक आहेत. तिथं कुणी चालत आलेलं नाही. कुणीतरी घाईनं आलं आणि ओढून गेलं."

माझी बोटं चालू होती. मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

"बांधायचं म्हणून वाचलं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत यातली पोरगी लई खरी आहे. कांद्याच्या ढिगावर बसून चिडते तेव्हा तिच्याशेजारी जाऊन बसावं वाटतं. चौथ्यापासून कुणीतरी तिच्या हातात खडू दिला. मग ती सगळ्यांना शिकवायला लागली. पोरं तिथूनच परत फिरली असतील. लिहिणाराला लिहिता येतं. त्यानं दम धरावा."

चाचा थांबले. मी विचारलं, "पुस्तकाचं नाव काय घालू?"

"नाव नको. पुस्तकाची काय चूक?"

"टाकू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुईत दोरा ओवत म्हणाले, "आज नको. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. तुला वाटंल त्या दिवशी टाक."

घरी जाऊन मी रडले, आणि त्याहून जास्त चिडले. दोन शनिवार गेलेच नाही. पेपर तपासायचे आहेत असा निरोप पाठवला, तोही भर उन्हाळ्याच्या सुटीत. तिसऱ्या शनिवारी गेले, तर चाचांनी कातरणं झटकून जागा करून दिली आणि म्हणाले, "बैठ. लई काम पडलंय." त्या नोंदीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. पुढं कितीतरी नोंदी आम्ही टाकल्या. ती एक मात्र ब्लॉगच्या पोटात तशीच पडून होती, न टाकलेली. दर शनिवारी लॅपटॉप उघडला की यादीत सगळ्यात वर मला दिसायची. पुसून टाकायला एक बटण पुरलं असतं. ते मी दाबलं नाही, आणि टाकायचंही माझ्याच्यानं झालं नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचांच्या छातीचं दुखणं वाढलं. दुकान बंद राहू लागलं. मी घरी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. बोटांच्या पेरांत खळ मात्र तशीच वाळलेली. जाताना रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. चाची चहा ठेवायला आत गेल्या आणि मी म्हणाले, "चाचा, ते पुस्तक..."

"नवीन लिहितीस का काही?" त्यांनी मध्येच विचारलं.

"लिहितेय."

"त्यातल्या पोरीच्या हातात खडू नाय ना दिला?"

म्हणजे पुस्तक कुणी फाडलं ते चाचांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी दर शनिवारी त्यांनी माझ्यासाठी जागा झटकली होती. मी नुसती मान हलवली, नाही दिला म्हणून. "बस. मंग झालं," चाचा म्हणाले आणि चाचींना आतमध्ये ओरडून सांगितलं की बाईंच्या चहात साखर कमी घाल. महिनाही झाला नाही आणि ते गेले.

ब्लॉगवर मी बरेच दिवस काही लिहू शकले नाही. मग फर्दापूरच्या त्या मुलीनं, ती आता संभाजीनगरातच कॉलेजला आहे, शेवटच्या नोंदीखाली विचारलं, 'चाचा लिहीत का नाहीत?' तिला उत्तर देणं भाग होतं. मी दोन ओळींत चाचा गेल्याचं लिहिलं. त्याखाली आणखी काहीतरी हवं होतं. मी बऱ्याच वाक्यांची जुळवाजुळव केली. सगळी 'हळुवार स्पर्श' जातीची झाली, सगळी पुसली.

आणि मग ती नोंद उघडली. चाचांच्या एका शब्दालाही हात लावला नाही. फक्त सुरुवातीला, जिथं ते पुस्तकाचं नाव सांगायचे आणि त्या दिवशी सांगितलं नव्हतं, तिथं माझ्या कादंबरीचं नाव घातलं. खाली लिहिलं, 'हे पुस्तक लिहिणारी मी आणि फाडणारीही मीच.' नोंद टाकली की चाचांना धीर नसायचा, 'गेलं का? गेलं का?' असं दोनदा विचारायचे. मी बटण दाबलं. गेलं, चाचा.