नव्या गुडघ्यांची आत्या, जुन्या गुडघ्याची मी आणि अजिंठा

अजिंठ्याला जायचं ठरवलं माझ्या आत्यानं, तेही मला न विचारता. आत्या कन्नड गावची, वय त्रेसष्ट. गेल्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे बदलले आणि तेव्हापासून नवी गाडी घेतलेल्या माणसासारखं तिचं चाललंय, सारखं कुठं ना कुठं जायचं काढते. चार दिवस आमच्याकडे, संभाजीनगरला, राहायला आली होती. गुरुवारी संध्याकाळी मी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून सोफ्यावर पडले होते, तर ही कंबरेवर हात ठेवून समोर उभी.

"शनवारी अजिंठ्याच्या लेण्या बघाया जायचं. समदा जन्म हितं गेला आन् बघितल्या नाय."

"आत्या, तिथं पायऱ्या आहेत."

"मग? माझे दोन्ही नवे हायेत, तुझा एकच खराब हाय. दोघीत मिळून चारातले तीन चांगले."

गणितात चूक काढता येईना, म्हणून मी हो म्हणाले.

आता माझ्या त्या एका गुडघ्याविषयी. मी एकोणतीस वर्षांची. वाळूजला एका कंपनीत नोकरी करते, आणि रविवारी डोंगर. म्हणजे होते डोंगर. आमचा वीस-पंचवीस जणांचा ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी गोगाबाबा टेकडी, महिन्यातून एकदा किल्ला. दोन वर्षांपूर्वी एका किल्ल्यावरून उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या मी उडी मारून संपवल्या. घाई कसलीच नव्हती, नुसती मस्ती. उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. मी तसंच लंगडत गाडीपर्यंत गेले आणि पुढचे दोन महिने 'मुरगळलाय' म्हणत काढले. तुम्ही असला शहाणपणा करू नका.

एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, वाटीच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, नाण्याएवढी निघून गेलीय आणि ती पहिल्यासारखी परत येत नाही. मी म्हटलं, मग बदलून टाका गुडघा, माझ्या आत्याचे बदलायचं चाललंय. ते हसले. "तुमचं वय नाही त्याचं. बदललेला सांधा ठरावीक वर्षं टिकतो. तुम्हाला अजून खूप चालायचंय." मग एक छोटं ऑपरेशन झालं, कुबड्या झाल्या, आणि आठ महिने मांडीचे व्यायाम. धावणं बंद, उड्या बंद. पायऱ्या चढायला हरकत नाही, उतरताना जपून. बाकी मेथीदाणे, एरंडेल तेल, कुणाच्या तरी गावचा हाडवैद्य हे सगळे सल्ले फुकट मिळाले. सगळ्यात वाईट वाक्य मात्र एकच, ते प्रत्येकजण म्हणतो: "या वयात?" ते ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

ग्रुपमध्ये सगळ्यात पुढं चालणाऱ्याच्या गळ्यात शिट्टी असते. दोनदा वाजली की चला, एकदा लांब वाजली की थांबा. सहा वर्षं ती माझ्या गळ्यात होती. ऑपरेशननंतर सचिन पुढं चालायला लागला, पण शिट्टी त्यानं कधी मागितली नाही, तोंडात दोन बोटं घालून काम भागवायचा. ती माझ्या कपाटात लटकलेली दिसली की मला रडू यायचं. शेवटी त्या आठवड्यात मी त्याला कळवलं: रविवारी टेकडीच्या पायथ्याशी येते, शिट्टी देते, ग्रुपमधून माझं नाव काढ. त्यानं उत्तर दिलं, "ये तर आधी." तर मधला शनिवार असा आत्याच्या ताब्यात गेला.

सकाळी साडेसहाला मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावची एसटी धरली. मी गाडी ठरवू म्हणत होते. आत्या म्हणाली, "बायांना अर्धं तिकीट असताना गाडी कशाला, पैसा लई झाला काय?" गुडघेवाल्यांनो, एसटीची पहिली पायरी कंबरेएवढी असते. दांडा धरायचा, चांगला पाय आधी वर टाकायचा आणि खराब पायाला मागून ओढून घ्यायचं. उतरताना उलट, खराब पाय आधी खाली. फिजिओथेरपिस्टनं मला हे दहा वेळा घोकून घ्यायला लावलं होतं. आत्या माझ्या आधी टुणकन चढून खिडकीही धरून बसली होती.

हर्सूल मागं टाकलं की शहर संपतं. फुलंब्रीला समोरून येणाऱ्या गाड्या शहरात कामाला निघालेल्या लोकांनी गच्च भरलेल्या होत्या, आमची निम्मी रिकामी. रस्ता आता चांगला झालाय, सिल्लोडपर्यंत पोटातलं पाणी हलत नाही. दोन्ही बाजूंना वेचणी उरकत आलेली कपाशी आणि हुरड्याला आलेली ज्वारी. आत्या प्रत्येक शेताला नापास करत होती. सिल्लोडला गाडी दहा मिनिटं थांबली. गरम भजी आणि चहा घ्या, पण बसमधून उतरून पाय मोकळे करणं जास्त महत्त्वाचं. वाकवून ठेवलेला गुडघा तासाभरात दगड होतो.

फर्दापूरच्या टी-पॉइंटला साधारण साडेनऊला उतरलो. इथून पुढं खासगी गाड्या नेत नाहीत, लेण्यांपर्यंत वेगळी बस आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हेही लक्षात ठेवा. बस सोडते तिथं तिकीट काढायचं आणि समोर लगेच चढाच्या पायऱ्या. त्यांच्या पायथ्याशी डोलीवाले बसलेले असतात. डोली म्हणजे दोन लांब बांबूंना बांधलेली खुर्ची, उचलायला चार माणसं.

"मावशी, डोली?" एकानं आत्याला विचारलं.

"मला नाय लागत. हिला विचारा."

चौघांनी माझ्याकडं बघितलं आणि चौघंही हसले. त्यांना वाटलं म्हातारी गंमत करतेय. मीही हसले, आणि मनात म्हटलं, मेले तरी बसणार नाही.

चढ ठीक गेला, दर दहा पायऱ्यांना श्वास घेत. पण मला कुणी सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगते: चित्रांच्या लेण्यांबाहेर चपला काढाव्या लागतात. दरवेळी खाली वाकून नाड्या सोडायच्या, पुन्हा बांधायच्या. मी मिरवायला ट्रेकिंगचे बूट घालून गेले होते. आत्या साध्या चपलांत. तिसऱ्या लेण्यापर्यंत तिनं मला असा एक लुक दिला की मी नाड्या न बांधताच चालायला लागले.

पहिल्या लेण्यात आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं गप्प उभं राहा, डोळे सरावतात. मग मंद दिव्यात हातात कमळ घेतलेला तो बोधिसत्त्व हळूहळू समोर येतो, मान किंचित कललेली, नजर खाली. शेजारची मंडळी मोबाइलमध्ये बघत होती. आत्या पदर सावरून भिंतीच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "किती दमानं काढलंय गं. घाईच नाय कशाची." आठ महिने सगळे मला 'दमानं घे' म्हणत होते आणि मला त्याचा राग येत होता. त्या भिंतीसमोर पहिल्यांदा आला नाही.

पण दमानं घेतलं मात्र नाही. शेवटाकडचा झोपलेला बुद्ध बघायचाच, या हट्टापायी मी वर-खाली पायऱ्या करत सव्विसाव्या लेण्यापर्यंत गेले. तो बघितला, डोळे भरून बघितला, आणि बाहेर आले तेव्हा गुडघा नारळाएवढा फुगला होता. एक पायरी उतरले आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. कठड्याला टेकून मी आत्याला म्हटलं, "जरा फोटो काढते."

"कशाचा, भिंतीचा?" आत्या म्हणाली. "बस डोलीत."

"लोक काय म्हणतील?"

"मला काय म्हणतेत ते म्या ऐकलं व्हतं, काठी घेऊन फिरत व्हते तवा. दोन दिस म्हणतेत, मग त्येंला बी कामं असत्यात." असं म्हणून ती स्वतःच डोली आणायला गेली. गंमत म्हणजे सकाळचेच चौघं आले. या वेळी कुणी हसलं नाही. (दर आधी बोलून घ्या, घासाघीस माझ्यासारखी करू नका. मी केली आणि नंतर मलाच लाज वाटली.)

मी बसले. एकोणतीस वर्षांची धडधाकट दिसणारी बाई खुर्चीत आणि त्रेसष्ट वर्षांची आत्या बाजूनं छत्री घेऊन पायी. समोरून आलेल्या एका काकांना राहवलं नाही.

"अहो, आजींना तरी बसवा."

"म्या नवी हाय, ही जुनी हाय," आत्या त्यांना म्हणाली आणि पुढं निघाली. काका अजून विचारात असतील.

मागच्या बाजूला डाव्या दांड्याला पन्नाशीचे सुखदेवकाका होते. त्यांच्याही गुडघ्याला जुना गमछा बांधलेला. थोडं उतरलो आणि ते मागून म्हणाले, "टेकवा." पुढचे दोघं जागच्या जागी थांबले, वळूनसुद्धा बघितलं नाही, डोली टेकली. काकांनी गमछा आवळला, "उचला" म्हणाले, निघालो. पुन्हा पन्नास पायऱ्यांनी "टेकवा". या वेळी पुढच्याचा खांदा घसरलाय हे त्यांना मागून दिसलं होतं.

मी विचारलं, "काका, गुडघा दुखतो तर हे काम कसं करता?"

"जागा बदलली ताई. पंधरा वर्सं म्या पुढं व्हतो. पर उतरताना समदं वजन पुढच्यावर येतं, चढताना मागच्यावर. गुडघा गेला तवा ह्ये म्हणले, तू चढताना पुढं, उतरताना मागं."

"आणि 'टेकवा' तुम्हीच म्हणायचं?"

"मागचाच म्हणतो. पुढच्याला निस्ती पायरी दिसती. मागनं समदे दिसत्यात, बसलेलं मानूस बी."

"का टेकवायचं ते विचारत नाहीत?"

पुढचा तरुण न वळता म्हणाला, "आधी टेकवायची, मग इचारायचं. इचारत बसलं तर पडंल की ताई."

सहा वर्षांत माझ्या मागून किती जणांनी "ताई, जरा थांबा ना" म्हटलं असेल, आणि मी प्रत्येक वेळी "काय झालं आता?" असं ओरडून चालतच राहिले होते. खाली उतरल्यावर सुखदेवकाकांनी हात देऊन मला उठवलं. आत्यानं पिशवीतून भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचे लाडू काढले. सहा जणांनी झाडाखाली बसून खाल्लं. आत्या आणि काका गुडघ्यांवर इतकं बोलले की मला मध्ये तोंड घालायला जागा मिळेना.

परतीच्या एसटीत मी पाय समोरच्या रिकाम्या सीटवर ठेवला. कंडक्टरनं बघितलं, गुडघ्याचा पट्टा बघितला आणि पुढं गेला. संध्याकाळी घरी. रात्रभर बर्फ, सकाळी सूज निम्मी.

रविवारी सकाळी गोगाबाबाच्या पायथ्याशी रिक्षानं गेले. सचिननं हात पुढं केला. मी गळ्यातली शिट्टी काढली, हातात धरली, आणि ती द्यायच्याऐवजी त्याला डोलीची गोष्ट सांगितली. "मी मागं चालते. जमेल तिथपर्यंत, मग तिथंच बसते. शिट्टी मागं राहील. वाजली की आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं."

त्यानं डोकं खाजवलं. "पुढच्यानं मागच्याचं ऐकायचं?"

"हो."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," मी म्हणाले. "म्हणून तर सांगतेय."

मी शेवटून चालायला लागले. माझ्या पुढं एक जाडसर मुलगी हळूहळू चढत होती. मी विचारलं, "नवीन का तू?"

ती थांबली. "नाही ताई. चार वर्षं येतेय. तुम्ही पुढं असायच्या ना."

तिचं नाव मीनल. चार वर्षं, त्यातली दोन माझ्या शिट्टीमागं, आणि मला तिचा चेहरा माहीत नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की नीट माफीही मागता आली नाही. नुसतं म्हटलं, "चल, बरोबर जाऊ." निम्म्या टेकडीवर गुडघा आतून घट्ट व्हायला लागला. ही खूण मला आता ओळखता येते, दुखायच्या आधीची. काल मी ती लेण्यांत तीनदा ओळखून तीनदा गिळली होती. आज मी शिट्टी तोंडात धरली आणि एकदा लांब वाजवली.

वरची सगळी रांग थांबली. मीनल मटकन दगडावर बसली. सचिन वरून बघत होता. थांबून झाल्यावर त्यानं विचारलं, "काय झालं?"

"दम लागलाय."

"कुणाला?"

"मला," मी ओरडले.

घरी आले तेव्हा आत्या पेपर पसरून बसली होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "दिलीस का गं शिट्टी?"

मी गळ्यातली दाखवली. तिनं पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"मग च्या टाक," ती म्हणाली. "चालतेत की पाय तुझे."