सिंगापुरात दादाच्या क्लबची मॅच बघितली, ती अशी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गवार निवडत बसलो होतो. "भावोजी, ह्यांचा तो इंग्लंडचा फुटबॉल क्लब जुलैत इथे खेळायला येतोय. दोन तिकिटं काढलीत, एक तुमचं." मग आवाज खाली आला. "डॉक्टरांनी बायपास सांगितलीय. हे ऐकत नाहीत. तुमचं तरी ऐकतील." मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं. सकाळी ताजेतवाने उतरता असं सगळे सांगतात. माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

क्लबचं नाव लिहिणार नाही. लिहिलं की हरतात. हसा खुशाल, पण आमच्या घरात नाट लावणारा मीच. समोरचा संघ आपल्या गोलपाशी आला की दादा म्हणायचा, "तू गॅलरीत जा." मी जायचो आणि खरंच गोल वाचायचा.

दादा मरीन इंजिनिअर. तरुणपणी त्याचं जहाज उत्तर इंग्लंडच्या एका बंदरात दुरुस्तीला थांबलं होतं, तिथे त्याला हे वेड लागलं. गोदी कामगारांनी काढलेला क्लब. कृष्णधवल फोटोंच्या काळात एकदा अजिंक्य ठरला, नंतर खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला, वर आला, पुन्हा घसरला. मैदानात चिखल आणि समुद्राचा वारा, म्हणून खेळही सरळसोट: चेंडू आला की लांब हाणा आणि मागे धावा. दादाला हेच आवडायचं. आता नवा कोच आला. गोलकीपर चेंडू हाणत नाही, अंगावर माणसं धावून येत असताना शेजारच्या बचावपटूला हळूच पास देतो. टीव्हीवर बघतानासुद्धा मी डोळे मिटून घेतो.

मरीन परेडला दादाचा फ्लॅट आहे, विमानतळाहून टॅक्सीने जवळच. रस्ता ओलांडायला पादचारी पूल आहे. त्याच्या अर्ध्या जिन्यात दादा थांबला. "व्ह्यू बघतोय," म्हणाला. समोर फक्त बसस्टॉप होता.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, पाच-सहा डॉलरांत पोटभर जेवण होतं. लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तिखट शेवया, जरूर खा. दादाने मात्र मुकाट्याने फिश सूप घेतलं. मी ऑपरेशनचा विषय काढला.

"तुआसला दुरुस्तीच्या यार्डात एक जहाज अडकलंय. ते बाहेर पडू दे, मग बघू."

"बाबा, मागच्या वेळी सीझन संपू दे म्हणालात," माझी पुतणी इरा म्हणाली. "सेम स्टोरी लाह." वाक्याच्या शेपटीला हे "लाह" तिथलंच.

दादाने सूपचा वाडगा तोंडाला लावला.

मॅचच्या दिवशी निघताना वहिनींनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. मरीन परेडहून स्टेडियमकडे बस जाते. लवकर निघा आणि तिकिटं खालच्या मजल्याची काढा, जिने वाचतात. खुर्च्यांखालून गार हवा येते, तरी दादाच्या कपाळावर घाम होता. मॅचकडे माझं लक्ष नव्हतं. मी त्याचा श्वास ऐकत होतो.

उत्तरार्धात गोलकीपरने तोच आखूड पास दिला, समोरच्याने मध्येच हिसकावला. गोल. दादाचा हात छातीवर गेला. ओठ पांढरे पडले.

"तू बाहेर जा," तो सवयीने म्हणाला.

मीही सवयीने उठलो. दोन पावलं गेलो आणि परत येऊन बसलो. "नाही जाणार."

दादाने हात पुढे केला. "दे ती गोळी."

दादाने गोळी जिभेखाली ठेवली, तेवढ्यात चेंडू पुन्हा गोलकीपरकडे आला. दोन जण त्याच्यावर धावले. आख्खा स्टँड ओरडत होता, हाण, हाण! मी दादाचं मनगट घट्ट धरलं. गोलकीपरने मान वर केली आणि त्याच बचावपटूला तसाच हळू पास दिला. चेंडू सुखरूप पुढे गेला. मॅच आम्ही हरलोच.

माणसं पांगली तरी दादा बसून होता. छाती मोकळी झाली होती. "आत्ताच चुकला होता तो गोलकीपर," म्हणाला. "तरी परत तेच केलं. मी असतो तर हाणला असता." उठता उठता म्हणाला, "हाणलेला चेंडू फिरून आपल्याकडेच येतो रे."

पुण्यात परतलो त्याला आठवडा झाला. क्लबचा स्कार्फ खुर्चीवर पडलाय. सिंगापूरचं काय आठवतं म्हणाल तर त्या पुलाचा जिना. काल दादाचा फोन आला. ऑपरेशनची तारीख मिळाली.

"येशील ना?"

"मी? आणि तेव्हाच?" मी खुर्चीवरचा स्कार्फ उचलला. "दादा, मी इथेच थांबतो. बघत नसलो की..."

"गॅलरी बास झाली आता. डोळे उघडल्यावर मला तू समोर दिसला पाहिजेस."

तिकीट काढलंय. क्लबचं नाव अजूनही लिहीत नाही. तेवढी हिंमत नाही.