तोंडी सांगायचं नाही

पाणीखात्यातल्या, सदा मोजपट्टी बाळगणाऱ्या पट्टीमास्तरांना वेड एकच, नकाशाचं. शहराच्या पोटातला नळ न् नळ, व्हॉल्व्ह न् व्हॉल्व्ह त्यांनी सव्वीस वर्षं खपून एका जुन्या संगणकात उतरवला होता. खास नकाशे काढायलाच बनवलेला तो डबा, बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. नकाशा बाहेर पाठवायचा तर अख्ख्या शहराचं एकच भलंमोठं चित्र करून पाठवावं लागे. तुकडे करायला मास्तर तयार नसत. "शिवणीत व्हॉल्व्ह हरवतो," म्हणायचे.

खात्याने इंटरनेटची नवी वेगवान लाइन घेतली, तरी डब्याची गोगलगाय ती गोगलगायच. वायरवाला म्हणाला, "मास्तर, पाईप कितीही मोठा घाला, तोटी अर्ध्या इंचाचीच आहे. मागचं नेटवर्क कार्ड त्या काळचं, याला बसणारं दुसरं आता मिळायचं नाही." मास्तर हसले. त्यांना कुठे घाई होती!

त्या दिवशी सकाळी अकराला मुकादमाचा फोन आला.

"मास्तर, पंपघरामागच्या चेंबरची भिंत पडलीय! धाकटा खाली अडकलाय, पाय निघत नाही. लाइन फुटलीय, पाणी चढतंय. व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय, कुठाय तो?"

धाकटा म्हणजे मास्तरांचा सख्खा भाऊ, फिटर. खात्यात चिकटवला तोही मास्तरांनीच.

"टाकीवरून बंद करा!"

"केलंय हो! पण लाइन रिकामी व्हायला तास जाईल. पाणी कमरेला आलंय."

मास्तरांनी लगेच नकाशा मुकादमाच्या फोनवर पाठवायला लावला. कोपऱ्यात आकडा उमटला, दोन टक्के. पडद्यावर व्हॉल्व्ह लख्ख दिसत होता, दिव्याच्या खांबापासून अकरा फुटांवर.

"पडद्याचा फोटो तरी मारा!" मुकादम ओरडला.

"माझा फोन बटणांचा आहे रे."

"मग तोंडी सांगा!"

आता मास्तर काही मूर्ख नव्हते. नऊ वर्षांपूर्वी मास्तर असंच फोनवर "डावीकडे" म्हणाले होते. खोदणारा उलट्या तोंडाने उभा होता, त्याची पहार विजेच्या तारेवर पडली आणि बिचाऱ्याचे दोन्ही हात गेले. तेव्हापासून मास्तरांचा नियम खात्याला पाठ होता: तोंडी सांगायचं नाही, नकाशा बघूनच पहार मारायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत.

"येतोय नकाशा, येतोय," मास्तर म्हणाले. अकरा टक्के झाले होते. त्यांनी डब्याच्या पाठीवर थाप मारली, शिव्या घातल्या, मग हात जोडले. "चल रे बाबा, चल." डबा आपल्याच चालीने चालला.

एकोणीस टक्क्यांवर मुकादमाने फोन खाली चेंबरमध्ये धरला. पाण्याच्या आवाजातून धाकटा म्हणाला, "दादा, घाबरू नकोस. छातीपर्यंतच आहे. तुझा नकाशा येऊ दे, मग हे बरोबर खोदतील."

मास्तर आकड्याकडे बघत बसले. सव्वीस. एकतीस.

"मास्तर, हनुवटीला लागलं!" मुकादम रडत ओरडला.

तेव्हा कुठे मास्तरांचा बांध फुटला. "खांबाला पाठ लाव! तोंड पंपघराच्या दाराकडे! सरळ अकरा फूट मोज आणि मार पहार!"

एवढंच सांगायचं होतं. एका दमात सांगून झालं. मुकादमाने पहिल्याच घावात व्हॉल्व्हचं झाकण उघडं केलं, गंजलेलं चाक दहा मिनिटं खपून फिरवलं आणि पाणी थांबलं. पण धाकट्याच्या डोक्यावरून ते चार मिनिटांपूर्वीच गेलं होतं.

आठवड्याने मास्तर भावाच्या घरी गेले. धाकट्याची बायको दारातच उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"दादा, एकच विचारते. व्हॉल्व्ह कुठाय ते तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"कधीपासून?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे.

"पहिल्यापासून," ते म्हणाले.