तारेला अडकवलेली पत्रं

आमच्या हजेरीपटात सगळ्यांत शेवटी एक रकाना होता, ‘गळतीचे कारण’. जेमतेम बोटभर रुंद. वर्ग तपासायला येणारे साहेब सायकल भिंतीला टेकवायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि सांगायचे, "बाई, एका शब्दात लिहा. वर अहवाल पाठवायचा असतो." एका शब्दात मी पुष्कळ लिहिलं. भांगलण. बाळंतपण. सासू. माहेर. म्हैस. म्हैस वाचून साहेब चिडले होते, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हशीला पाणी दाखवायची वेळ आणि वर्गाची वेळ एकच होती. खोटं मी एकदाच लिहिलं. त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि अजून ते माझ्या मानेवर बसलेलं आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. विट्याजवळच्या आमच्या गावात मॅट्रिक झालेली मुलगी मी एकटीच, म्हणून बायकांचा साक्षरता वर्ग माझ्या गळ्यात पडला. आधी कंदील आला, मग पुस्तकं आली, खडू शेवटपर्यंत आलेच नाहीत. कंदिलाचा उपयोग शून्य, कारण रात्री बायकांना घराबाहेर सोडतंय कोण? मग शाळेच्या मागच्या पडवीत दुपारी वर्ग भरू लागला. बायका वैरणीच्या बुट्टीत पाटी लपवून आणायच्या. उघड्यावर पाटी दिसली की चावडीवरचे बाप्ये विचारायचे, "काय गं, मामलेदार हुतीस का काय आता?" एवढ्या एका वाक्यानं दोघी-तिघी कायमच्या घरी बसल्या.

वर्गाच्या आधीपासून माझं एक काम होतं, पत्रं वाचायचं. आमच्याकडची निम्मी घरं गलाईवर चालायची. माणसं लांबलांबच्या शहरांत सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची दुकानं टाकायची आणि घरी पत्रं धाडायची. पोस्टमन पत्र टाकून जायचा आणि घरचं माणूस मला बोलवायला यायचं. मला त्याचा तोरा होता. चहा मिळायचा, बसायला घोंगडं मिळायचं आणि गावातल्या प्रत्येक घरातलं मला आधी कळायचं.

त्यातलंच एक घर. म्हातारा, म्हातारी आणि त्यांची सून. मुलगा मद्रासच्याही पुढं कुठंतरी गलाईच्या दुकानात. लग्नानंतर चार महिने राहिला आणि गेला. नंतर दोनदा येऊन गेला असेल. सून माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला वन्सं. पत्र वाचताना ती बाहेरच्या सोप्यात येत नसे. आतल्या दाराच्या चौकटीमागं उभी राहायची, पिठाचे हात तसेच.

एका पत्रात अर्ध्यावर रेघ मारलेली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘पत्र वाचणाऱ्यास विनंती, पुढील मजकूर फक्त वडिलांस एकट्यास वाचून दाखवावा.’ मला आधी डोळ्यांखालून घालायची सवय होती म्हणून बरं. वरचं वाचलं, तिथंच थांबले. मग गोठ्यात जाऊन म्हाताऱ्याला उरलेलं वाचून दाखवलं. मुलानं तिकडं दुसरा संसार केला होता. मुलगा झाला होता. इकडं कुणाला कळू देऊ नये, आईलासुद्धा.

म्हाताऱ्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "ह्ये आपल्या दोघांत, पोरी." आणि सोप्यात जाऊन त्यानं ते पत्र खांबाला टांगलेल्या तारेच्या आकड्यात खुपसलं. घरातली सगळी पत्रं त्या तारेला असायची, एकावर एक. मी घाबरून म्हटलं, "आबा, तिथंच?"

"मग कुटं? हितं वाचनार हाय कोन?"

त्याचं खरं होतं. घरातली सगळ्यांत मोठी लपवायची गोष्ट भर सोप्यात लटकत होती आणि सून रोज तिच्याखालून सारवून जात होती.

पण त्या दिवशी दुसरं एक घडलं होतं, आणि ते माझ्या हातून. वरचं वाचून मी थांबले तेव्हा दारामागून आवाज आला, "आनि?" एवढंच. तिच्यासाठी पत्रात काही नव्हतं. कधीच नसायचं. त्या दिवशी मात्र मला ते सोसवलं नाही. मी कागदाकडं बघत म्हणाले, "आणि लिहिलंय, तिला म्हणावं, जिवाला जप." दारामागं बांगड्या हलल्या. पुढं दर पत्राला मी शेवटी ते वाचत गेले. न वाचून करते काय? ती दर वेळी "आनि?" म्हणायचीच. आजसुद्धा घरच्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवताना बातमी संपली की मी थांबते, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायचं टाळते.

वर्ग सुरू झाला तेव्हा पहिली आली ती वहिनीच. पाटी लपवली नाही, डोक्यावर वैरण आणि हातात उघडी पाटी. बाकीच्यांना अंगठ्याच्या जागी सही करायची होती, कुणाला एस.टी.ची पाटी वाचायची होती. हिला मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला कशाला शिकायचंय?" तर म्हणाली, "त्यांची पत्रं म्या वाचीन म्हन्ते. तुमाला तरी किती दिस बोलवायचं?"

तारेवरची पत्रं माझ्या डोळ्यांपुढं आली. पण तेव्हा वाटलं, शिकेल शिकेल आणि कंटाळेल, सगळ्याच कंटाळतात. ती कंटाळली नाही. चुलीपुढं कोळशानं गिरवायची. बाकीच्या ‘घर’ आणि ‘नळ’ यांतच घुटमळत होत्या तेव्हा ती काना-वेलांटीला पोचली. मी तिला मागं ठेवायचा प्रयत्न केला. हे लिहिताना लाज वाटते, पण केला. झालेलेच धडे पुन्हा गिरवायला दिले. दुसऱ्या एका बाईला शिकवायला बसवलं. "अक्षर वळणदार नाही," म्हणून पाटी पुसायला लावली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं.

एक दिवस वर्ग सुटल्यावर ती मागं राहिली. "वन्सं, ‘जिवाला’ कसं लिवत्यात?"

मी म्हटलं, "तो धडा अजून आला नाही."

तिनं मान हलवली. पण त्यात लागणारी अक्षरं मी तिला आधीच दिली होती, आणि दिलेलं अक्षर परत घेता येत नाही.

संध्याकाळी मी म्हाताऱ्याला शेतावर गाठलं. म्हटलं, "आबा, ती वाचायला लागली. तारेवरची ती पत्रं चुलीत घाला, नाहीतर तिला सांगून तरी टाका." म्हातारा खुरपं खाली ठेवून बसला. म्हणाला, "सांगू कसं? ती उटून म्हायेरला गेली तर म्हातारीचं कोन बगंल?" मग म्हणाला, "आनि पोराच्या हातचं अक्षर हाय त्ये, पोरी. दुसरं काय हाय त्याचं घरात? चुलीत कसं घालू?"

दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बोलवायला गेले नाही. इतर बायकांच्या घरी मी चार-चार खेपा घातल्या होत्या, सासवांशी भांडले होते. हिच्या घराची वाट मात्र मला लांब वाटली. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. महिनाअखेर हजेरीपट भरताना तिच्या नावापुढं मी लिहिलं, ‘शेतीकाम’. साहेबांनी सही केली आणि हजेरीपट पिशवीत घातला. कारण मी होते, आबांना सावध करणारी, पण तेवढं लिहायला रकान्यात जागा नव्हती.

पुढं माझं लग्न रहिमतपूरला ठरलं. निघायच्या आदल्या आठवड्यात ती भर दुपारी आमच्या घरामागच्या परड्यात आली. पाटी आणि पुस्तक परत करायला. दोन्ही फडक्यात नीट बांधलेलं. मी म्हटलं, "राहू द्या तुम्हालाच." ती म्हणाली, "नगं. आबांस्नी खपायचं न्हाई." मग जरा घुटमळून म्हणाली, "जायच्या आदी त्येवडं कागदावर लिवून द्या की. माज्यासाटी तुमी वाचायच्या त्ये."

मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. तिनं कागद उन्हात धरला, अक्षरांखाली बोट ठेवलं आणि वाचलं. "जि-वा-ला ज-प." कुठं अडखळली नाही. माझ्या वर्गातल्या एकाही बाईनं इतकं स्वच्छ वाचलं नव्हतं.

"असंच असल म्हनून शोदलं," ती म्हणाली. "तारंवरनं एकेक पत्र काडून बगितलं, वन्सं. कुटंच घावलं न्हाई."

बाकीचं वाचलं का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं बघून कळेल म्हटलं, तर तेही कळलं नाही. तो कागद परत घ्यावा म्हणून मी हात पुढं केला.

तिनं तो दिला नाही. घडी घालून कमरेला खोचला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "वाचायला कायतरी पायजे की."