वाचता येत नाही त्यांनी पाणी भरावं

साल दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. त्या वर्षी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. हे सांगताना मान खाली घालत नाही. पण माझी नात नववीत होती आणि तिला मराठीचं पुस्तक धड वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, शब्द जुळवायची, पण ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, जेवताना म्हणाला, "नववी झाली का काढतो तिले शाळेतून. येत तं काहीच नाही. वावरात तरी कामी येईन."

"काढून तं पाह्य," मी म्हणालो. पण माझ्या दमदाटीनं तिला वाचता थोडंच येणार होतं?

मग कळलं की आमच्याच शाळेत आजूबाजूच्या गावांतल्या मास्तरांचं प्रशिक्षण आहे. मोठ्या वर्गातली जी पोरं वाचनात मागे पडली, त्यांना वाचायला कसं शिकवावं, याचंच. त्या दिवशी सकाळी नात म्हणाली, "आबा, मले लवकर बोलावलं. हेडमास्तरनं सोताहून माह्यं नाव घेतलं." मला वाटलं, चला, कोणाच्या तरी ध्यानात आली पोरगी. दुपारी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून मी पाहायला गेलो.

शाळेमागे चूल पेटलेली. माझी नात भल्या मोठ्या गंजात चहा ढवळत होती. बाकीच्या पोरी कप विसळत होत्या, पोरं हापशीवरून पाणी आणत होती.

"वर्गात काहून नाही बसली वं?"

"वर्गात हुशार पोट्टे बसवले आबा. मॅडम वाचाले लावते ना. ज्याले वाचता येत नाही ते पाण्यावर अन् चहावर."

"आजच?"

"कोणी साहेब आला का असंच असते. पाणी तं रोजच पहिल्या तासाले आमीच भरतो," ती हसून म्हणाली. ते हसणं मला जास्त झोंबलं.

खिडकीतून पाहिलं. बाहेरून आलेली मॅडम जीव तोडून सांगत होती. मोठं पोरगं अडलं की लगेच शब्द सांगू नका, थांबा, त्याला पुन्हा वाचू द्या, मग अर्थ विचारा. आणि समोर उभा राहून पहिल्या नंबरचा पोरगा घडाघडा वाचत होता! तो कशाला अडतो? मास्तर लोक मान डोलावत होते. एक जण मोबाइलवर सोयाबीनचे भाव पाहत होता.

मी चपला दाराशी काढल्या, तेवढी रीत मला आहे, आणि आत गेलो.

हेडमास्तर लगबगीनं उठले. "बाबा, चहा मागच्या बाजूनं हाय."

"चहा पाहूनच येऊन राह्यलो. तुमी हे कोणासाठी शिकून राह्यले? ह्या पोट्ट्याले तं येते! ज्याले येत नाही ते तुमच्या चुलीपाशी धूर खाऊन राह्यले."

"बाबा, पाहुण्यांसमोर शाळेची इज्जत..."

"माही नात तुमची इज्जत झाकायचं फडकं हाय काय?"

मागून कोणी तरी कुजबुजलं, "बुढा तापला."

"हो, तापला! तुमच्या गंजापेक्षा जास्त तापला."

मॅडमला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं भिंतीवर यंत्रानं पाडलेलं चित्र बंद केलं आणि म्हणाली, "त्या मुलांना आत बोलवा."

नात आली, हाताला राख तशीच. मॅडमनं तिच्या हातात पुस्तक दिलं. पहिल्याच ओळीत पोरगी अडली. एक मास्तर शब्द सांगायला निघाला, मॅडमनं हातानं थांबवलं. नातीनं ओळ परत सुरुवातीपासून धरली, तो शब्द तोडून तोडून काढला आणि ओळ पुरी केली.

"काय सांगितलं यात?" मॅडमनं विचारलं.

नातीनं आपल्या बोलीत सांगितलं. बरोबर सांगितलं. नववीपर्यंत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. माझा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

सुटल्यावर हेडमास्तर माझ्यामागे आले. "बाबा, रोज पहिल्या तासाला वाचन घेऊ तिचं. शब्द देतो."

"पहिल्या तासाले पाणी कोण भरते?"

"शिपायाची जागा रिकामी हाय बाबा. पोरंच भरतात."

"कोणते पोरं?"

ते घाईनं शाळेकडे परत फिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधीच मी घरची कळशी घेऊन शाळेच्या हापशीवर गेलो. नात नेहमीसारखी पाण्याला आली, तिला वर्गाकडे पिटाळलं. हेडमास्तर धावत आले. "अवो बाबा, या वयात? लोक काय म्हणतीन?"

"थे लोकायले इचारा," मी म्हणालो. "तुमी वर्गात जा. पोरगी बसली हाय."

आणि टाकी भरून होईपर्यंत मी तिथून हललो नाही.